डॉ. रखमाबाईंचं गणगोत : जयंतीबाई, सखाराम अर्जुन, दादाजी आणि बाकीची मंडळी

जुनी_ट्रंक

२२ नोव्हेंबर, म्हणजे रखमाबाईंचा जन्मदिवस, आला की त्यांच्यावरचे लेख फिरायला लागतात. सगळ्यांचा साचा एकच. बालविवाह, खटला, "तुरुंगात जाईन पण नांदायला जाणार नाही", मग लंडन, मग डॉक्टरकी. त्या साच्यात बाकीची माणसं नुसती नात्यांच्या पाट्या लावून उभी असतात : आई, सावत्र वडील, नवरा, नवऱ्याचा मामा. मला या पाट्यांमागच्या माणसांचंच कुतूहल आहे, म्हणून हा धागा.

आधी आईकडे बघा. जयंतीबाई, हरिश्चंद्र यादवजींची मुलगी. चौदाव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी रखमा (१८६४), सतराव्या वर्षी वैधव्य. नवरा जनार्दन पांडुरंग गेला तेव्हा मुलगी दोन-अडीच वर्षांची. पुढे सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. कुटुंब सुतार समाजातलं, तिथे विधवेच्या लग्नाला जातीची आडकाठी नव्हती. लग्नाआधी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता त्यांनी लेकीच्या नावावर केली. पुढचं सगळं रामायण इथून सुरू होतं.

त्यानंतर साधारण अडीच वर्षांनी, अकरा वर्षांच्या रखमाचं लग्न दादाजी भिकाजीशी लागलं. मुलगा एकोणीस वर्षांचा, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला भाऊ, परिस्थितीने गरीब. ठरलं असं की तो घरजावई म्हणून राहील, शिकेल, "चांगला माणूस" होईल. खर्च सासऱ्याचा. लग्नानंतर काही महिन्यांतच रखमाला न्हाण आलं. चालीप्रमाणे गर्भाधानाची घाई सुरू झाली, आणि सखाराम अर्जुनांनी साफ नकार दिला. डॉक्टर माणूस, एवढ्या लहान पोरीच्या शरीराचं काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. दादाजी बिनसला तो तिथून. शिक्षण सुटलं, आई वारली, तो मामाकडे, नारायण धर्माजींकडे, राहायला गेला. तिथे कर्ज वाढत गेलं.

१८८४ च्या मार्चमध्ये दादाजीच्या वकिलांचं पत्र आलं : बायकोला नांदायला पाठवा. पत्र रखमाबाईंना नव्हतं, सखाराम अर्जुनांना होतं.

माझं म्हणणं एवढंच की या खटल्याची गोष्ट रखमाबाईंपासून सांगायला घेतली की अर्धीच हाती लागते. ती जयंतीबाईंपासून सांगायला हवी. ज्यांच्याकडे काही भर घालण्यासारखं आहे त्यांनी जरूर घाला.

उनाडटप्पू

मस्त धागा. पण राणी व्हिक्टोरियाने स्वतः हुकूम काढून लग्न मोडलं, तो भाग राहिला की! दरवर्षी फॉरवर्डमध्ये येतो.

काळाकोट

उनाडराव, तो भाग फॉरवर्डमध्येच राहू द्या. राणीने लग्न बिग्न काही मोडलं नाही. जुलै १८८८ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि रखमाबाईंवरचा दावा सोडला. राणीचा हुकूम निघाला असता तर हे पैसे कशाला मोजायला लागले असते? हिंदू लग्न मोडायची सोयच तेव्हा कायद्यात नव्हती. जातीची चाल असेल तर काडीमोड, एवढंच.

राणीचं नाव येतं ते दुसऱ्या कारणाने. १८८७ हे राणीच्या राज्याचं पन्नासावं वर्ष. त्या एप्रिलमध्ये रखमाबाईंचं पत्र लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आलं. त्यात ज्युबिलीचं निमित्त साधून राणीकडे मागणं होतं : मुलगा वीसच्या आत आणि मुलगी पंधराच्या आत असेल तर ते लग्न कायद्याने धरू नये. म्हणजे स्वतःची सुटका मागितलीच नव्हती, कायदा बदला म्हणून मागितलं होतं. दंतकथेने त्यांचं मागणं उलट लहान केलं.

गिरगावची_सून

ट्रंकताई, एक शंका. जनार्दन पांडुरंग आणि प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग, हे भाऊ का? दोघेही मुंबईचे, काळही तोच, आणि सखाराम अर्जुनांचा आत्मारामांशी संबंध होता असं वाचलंय.

जुनी_ट्रंक

नाही. या चुकीच्या गल्लीत बरेच जण शिरतात. आत्माराम पांडुरंग हे तर्खडकर. व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे भाऊ, आणि रवींद्रनाथांना १८७८ मध्ये मुंबईत इंग्रजी शिकवणाऱ्या अन्नपूर्णेचे, म्हणजे ॲनाचे, वडील. जनार्दन पांडुरंगांचं घराणं वेगळं. त्या काळच्या मुंबईत पुरुषाचं नाव म्हणजे स्वतःचं आणि बापाचं, की काम भागलं. सखाराम अर्जुन, दादाजी भिकाजी, नारायण धर्माजी, हरिश्चंद्र यादवजी. या धाग्यातल्या एकाचंही आडनाव कोर्टाच्या मथळ्यात येत नाही. म्हणून आडनावाने शोधायला बसलात तर एक तर काहीच मिळत नाही किंवा भलताच माणूस गळ्यात पडतो.

रखमाबाईंचंही तेच झालंय. कुणी त्यांना वडिलांकडून सावे लिहितं, कुणी सावत्र वडिलांकडून राऊत. खटल्यात त्या नुसत्या रखमाबाई, आणि दवाखान्यातही डॉ. रखमाबाईच.

खापरपणती

याच्याशी जोडून. आमच्याकडे एक जुनं खरेदीखत आहे, कोकणातल्या जमिनीचं. त्यात पुरुषांपुढे 'बिन' अमुक, म्हणजे अमुकचा मुलगा, आणि बाईच्या नावापुढे 'कोम' अमुक, म्हणजे अमुकची बायको. पणजीचं नाव त्या कागदावर तीनदा आहे आणि तिन्ही वेळा कोमसकट. तिच्या बापाचं नाव कुठेच नाही. छापील कुलवृत्तांत काढला तर त्यात ती 'द्वितीय संबंध', म्हणजे नवऱ्याचं दुसरं लग्न, या दोन शब्दांत आटोपलेली. शेवटी त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत माहेरचं गाव सापडलं, तेही आजोबांनी क्षौर केलं त्या दिवशी नोंद घातली होती म्हणून.

जयंतीबाईंसारखी बाई अशा कागदांत कशी शोधणार? आधी कोम जनार्दन, मग कोम सखाराम. दोन वेगळ्या बाया वाटतील.

पानफूल

सखाराम अर्जुनांबद्दल मी लिहिते, कारण त्यांना 'रखमाबाईंचे सावत्र वडील' एवढंच म्हणून सोडलं की मला वाईट वाटतं. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची त्यांची सूची १८७९ मध्ये छापली गेली. बाजारातली काष्ठौषधी म्हणजे नक्की कुठलं झाड, हे शास्त्रीय नावाने ठरवणं हे तेव्हा फार मोठं काम होतं. गांध्याच्या, म्हणजे काष्ठौषधी विकणाऱ्याच्या, दुकानात एकाच नावाखाली तीन वेगळ्या मुळ्या मिळतात, आजही.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आठ माणसं जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. आठांत हिंदी माणसं दोनच : आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. सूनबाई, तुम्ही वाचलेला संबंध हा.

आणि पुढची गंमत. या सोसायटीचं कामकाज पुढे बघणारे हर्बर्ट फिप्सन यांच्याशी डॉ. एडिथ पीची यांनी १८८९ मध्ये लग्न केलं. पीचीबाई म्हणजे मुंबईतल्या बायकांच्या कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर. रखमाबाईंच्या पाठीशी ठाम उभं राहून त्यांना डॉक्टरकीकडे वळवणाऱ्यांत त्याच पुढे होत्या. झाडापाखरांच्या नादाने एकत्र आलेली माणसं आणि या मुलीचा खटला, हे सगळं मुंबईतल्या एवढ्याशा वर्तुळात घडत होतं.

उलटतपासणी

सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून मुद्दाम विचारतो. दादाजीची बाजू कुणी मांडणार आहे का? त्याने १८८७ मध्ये स्वतःची कैफियत छापली होती. त्यात तो म्हणतो की मुलगी वाईट नाही, तिला आई आणि आजोबा फूस लावताहेत. कारण ती माझ्या घरी आली की बापाच्या मालमत्तेचा हिशेब मागेल आणि ती त्यांच्या हातून जाईल. यात काहीच तथ्य नाही? घरजावई म्हणून आणलेल्या पोराला अट घातली, बायको दाखवली आणि द्यायच्या वेळी हात आखडला. शिवाय लग्न लावणारे सखाराम अर्जुनच ना? सुधारक डॉक्टरने अकराव्या वर्षी मुलीचं लग्न लावलं, हे कुठल्या तोंडाने समर्थन करायचं?

गिरगावची_सून

उलटतपासणी, दुसरा प्रश्न बरोबर आहे तुमचा. मला वाटतं त्या माणसाला एकाच वेळी दोन दगडांवर पाय ठेवायचे होते. जातीत राहायचं म्हणून लग्न लवकर लावलं, आणि मुलगी घरातच राहावी म्हणून घरजावई बघितला. न्हाण आल्यावर जे अडवलं ते डॉक्टर म्हणून. आधी अडवायला हवं होतं, हे खरं. पण त्या काळात तेवढं तरी कितीजणांनी अडवलं? आमच्या सासूबाईंच्या आजीची गोष्ट घरात सांगतात, तिला कुणीच अडवलं नव्हतं. तेराव्या वर्षी पहिलं बाळंतपण, त्यातच गेली.

जुनी_ट्रंक

पहिल्या प्रश्नाला मी उत्तर देते. दादाजीच्या कैफियतीला रखमाबाईंनी त्याच वर्षी वर्तमानपत्रातून उत्तर दिलं. मामाच्या घरातलं वातावरण, दादाजीचं आजारपण, कर्ज, सगळं उघड लिहिलं. नारायण धर्माजींच्या घरी रखेल राहत होती आणि त्यांच्या बायकोने जीव द्यायचा प्रयत्न केला होता, ही हकीकत रखमाबाईंच्या बाजूने पुढे आलेली. त्या घरात बाराव्या वर्षी जायला मी नकार दिला, असं त्यांचं म्हणणं.

मालमत्तेचा मुद्दा दोन्हीकडून लागू पडतो, हे मला मान्य. पण तारखा लावून बघा. १६ एप्रिल १८८५ ला सखाराम अर्जुन वारले. खटला उभा राहिला त्याच सप्टेंबरमध्ये. म्हणजे ज्याला ते वकिली पत्र गेलं होतं, तोच माणूस सुनावणीला नव्हता. घरात उरल्या वीस वर्षांची रखमा आणि पस्तिशीत दुसऱ्यांदा विधवा झालेल्या जयंतीबाई. मालमत्ता राखायची एवढाच हेतू असता तर सोपा मार्ग हाच होता की मुलीला पाठवून द्यायचं, जावयाशी वाटाघाट करायची आणि कोर्टकचेरीचा, वर्तमानपत्रांतल्या बदनामीचा खर्च वाचवायचा. जयंतीबाई मागे हटल्या नाहीत.

काळाकोट

मालमत्तेचा कायदा थोडा उलगडतो, कारण जयंतीबाईंनी जे केलं ते नुसतं उदारपण नव्हतं. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याचं दुसरं कलम सांगतं की विधवेने लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपतो, जणू ती त्या दिवशी मेलीच, आणि मालमत्ता त्याच्या पुढच्या वारसांकडे जाते. लग्नाला परवानगी देणारा कायदा दुसऱ्या हाताने हे काढून घेतो. मुलगा नसेल तर विधवेनंतर वारस मुलगी. म्हणजे जयंतीबाईंनी लग्नाआधीच सगळं रखमाच्या नावे करून ठेवणं, हा व्यवहार पक्का करून ठेवण्याचाही भाग होता. दिराभावजयांना तोंड घालायला जागा राहिली नाही. आणि अकराव्या वर्षी लग्न झालं तेव्हा रखमा स्वतःच्या नावावर इस्टेट असलेली मुलगी होती. अशा मुलीला घरजावई मिळतो, आणि अशाच मुलीसाठी मामा भाच्यामागे उभा राहतो.

आता निकाल. न्या. पिन्ही यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये दादाजीचा दावा फेटाळला. त्यांचा युक्तिवाद मला आजही वाचायला आवडतो. नवरा मागतोय ती वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना. पण ही दोघं कधी एकत्र नांदलीच नाहीत, मग पुन्हा स्थापायचं काय? आणि नको असलेल्या माणसाकडे तरुण बाईला जबरदस्तीने पाठवणं हे त्यांना रानटी, क्रूर वाटतं, तेही त्यांनी स्वच्छ लिहिलं. इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत नवव्या खंडात पान ५२९ पासून आहे. वाचाच.

अपिलात, १८८६ मध्ये, मुख्य न्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट आणि न्या. बेली यांनी तो फिरवला (दहावा खंड, पान ३०१). रखमाबाईंच्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंगही होते. प्रकरण परत खाली आलं आणि ४ मार्च १८८७ ला न्या. फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. हा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नाहीच. इंग्लंडच्या धर्मन्यायालयांकडून तो आला, आणि १८६७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनच्या तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टाने, एका मुसलमान दांपत्याच्या खटल्यात तो इथे चालतो असं ठरवलं. खुद्द इंग्लंडने १८८४ मध्ये यातली कैद काढून टाकली होती. इथे ती दिवाणी संहितेत तशीच राहिली, थेट १९२३ पर्यंत. आणि टिळकांचे 'केसरी' व 'मराठा' ज्याच्यासाठी लढत होते तो हिंदू धर्म म्हणजे हा!

उलटतपासणी

टिळकांवर घसरू नका. त्यांचा मुद्दा परक्या सरकारने घरात हात घालू नये हा होता.

काळाकोट

हात घालू नये हेच तर. दादाजीने परक्या सरकारचंच कोर्ट गाठलं होतं ना? जातपंचायतीत गेला असता तर मी तुमच्या बाजूने बोललो असतो.

संपादक_मंडळ

टिळक विरुद्ध आगरकर या विषयावर आधीचे धागे आहेत. तिथे जा, इथे रखमाबाईंचं गणगोतच चालू द्या.

तापीकाठ

मी सुरतची, माहेर नाशिक. इकडच्या लोकांना रखमाबाई खटल्याने नाही, दवाखान्याने माहीत. १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथे बायकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या मॅक्लारेन दांपत्याचा आधार होता. लंडनच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजात शिकल्या, १८९४ मध्ये पात्रता घेतली, ब्रुसेल्सची एम.डी.ही केली. परतल्या त्या सुरतेत. मग १९१७ नंतर राजकोट, तिथल्या जनाना इस्पितळात निवृत्तीपर्यंत. एवढी वर्षं मुंबईबाहेर, गुजराती बायकांत. १९२९ मध्ये पडदा मोडावा म्हणून पुस्तिकाही लिहिली.

गणगोताच्या दृष्टीने मला एकच गोष्ट चटका लावते. १९०४ मध्ये दादाजी वारला आणि बाईंनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. तडजोड होऊन सोळा वर्षं झाली होती.

उनाडटप्पू

हे कळत नाही मला. ज्या माणसाला नवरा मानलं नाही, तुरुंगात जायची तयारी ठेवली, त्याच्यासाठी पांढरी साडी?

गिरगावची_सून

अहो, तडजोडीने दावा सुटला, लग्न नाही. काळाकोट वर तेच म्हणाले. जातीच्या आणि कायद्याच्या नजरेत त्या दादाजीची बायकोच राहिल्या, मग विधवा. शिवाय त्या जनाना दवाखान्यात काम करत होत्या. समोर येणारी प्रत्येक बाई, तिची सासू, तिची जाऊ, सगळ्या आधी डॉक्टरीणबाईचं कपाळ आणि गळा बघणार. नवरा गेला आणि ही कुंकू लावते, अशी बोलणी झाली असती तर बाळंतपणाला कोण आलं असतं? माझा अंदाज आहे, पण मला तो पटतो.

तापीकाठ

मला इतका हिशेबी अंदाज नाही वाटत. पण दवाखान्याचं म्हणाल तर पटण्यासारखं आहे. माझ्या आत्याबाईंच्या पिढीपर्यंत पुरुष डॉक्टरकडे बायका नाडीसुद्धा पडद्याआडून दाखवायच्या.

खापरपणती

पहिल्या भारतीय महिला डॉक्टर कोण यावर कुणी सुरू करायच्या आत सांगते : आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पदवी घेऊन पुढच्याच फेब्रुवारीत गेल्या, प्रॅक्टिस करता आली नाही. बंगालच्या कादंबिनी गांगुली १८८६ पासून काम करत होत्या. रखमाबाई त्यानंतरच्या. 'पहिल्या' म्हटलं नाही म्हणून त्यांचं काही कमी होत नाही.

ट्रंकताई, मला अजून जयंतीबाईंबद्दल हवंय.

जुनी_ट्रंक

सांगते. माय-लेकी दोघी प्रार्थना समाजाच्या साप्ताहिक सभांना आणि आर्य महिला समाजाला जात असत. म्हणजे लेकीला शिकवून आई घरात बसली होती असं नाही, दोघी बरोबर बाहेर पडत होत्या. रखमाबाईंचं पुष्कळसं शिक्षण घरीच झालं, फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातली पुस्तकं आणून. जे घर विधवेचा हात धरून उभं राहिलं त्या घरात विष्णुशास्त्री पंडितांसारखे पुनर्विवाहाचे कैवारी येत-जात होते.

आणि हे बघा. 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या नावाने जी दोन पत्रं आली ती रखमाबाईंची. पहिलं २६ जून १८८५ चं, बालविवाहावर. दुसरं १९ सप्टेंबर १८८५ चं, सक्तीच्या वैधव्यावर. पहिला विषय स्वतःचा, हे उघड आहे. दुसरा कुणाचा? सतराव्या वर्षी विधवा झालेली बाई त्यांच्या घरातच होती, आणि ते पत्र छापून आलं तेव्हा तिला पुन्हा विधवा होऊन पाचच महिने झाले होते. पहिल्या वेळी जातीने वाट मोकळी ठेवली म्हणून जयंतीबाई सुटल्या. ब्राह्मण घरात असत्या तर केशवपन होऊन कोपऱ्यात बसल्या असत्या, आणि मग रखमाच्या बाजूने कोर्टात उभं राहायला कुणीच नसतं. दुसरं पत्र मी आता त्या नजरेने वाचते.

उलटतपासणी

हा मुद्दा मान्य. पत्राची तारीख आणि सखाराम अर्जुनांचा मृत्यू मी कधी शेजारी ठेवून बघितले नव्हते. तरी मालमत्तेचं माझं म्हणणं सोडत नाही. आजोबा हरिश्चंद्र यादवजींचा हात त्यात किती, हा प्रश्न राहतोच.

काळाकोट

राहू दे की. आजोबांना नातीच्या इस्टेटीची काळजी असणं हा काय गुन्हा आहे? कर्जबाजारी जावयाच्या हाती ती जाऊ नये असं कुठल्याही आजोबाला वाटेल.

जाता जाता एक. कैद १९२३ मध्ये गेली, पण नांदायला लावण्याचा दावा गेला नाही. हिंदू विवाह कायदा मे १९५५ मध्ये लागू झाला, त्याचं कलम ९ म्हणजे हाच दावा. त्या वर्षी २५ सप्टेंबरला रखमाबाई मुंबईत वारल्या, नव्वदी ओलांडून. आंध्र उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये ते कलम घटनाबाह्य ठरवलं, पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते परत वैध ठरवलं. माझ्याकडे आजही महिन्याला एखादं कलम ९ चं प्रकरण येतं, बहुतेक वेळा पोटगीच्या अर्जाला उत्तर म्हणून टाकलेलं.

गिरगावची_सून

काळाकोट, कलम ९ वर वेगळा धागा काढाच. माझ्या भाचीला सध्या तशीच नोटीस आली आहे, तिला तिथे दुवा देते.